कच्चा लाल

मी फटकळ आहे, हे मांडवगणात कुणालाही विचारा. सासूलासुद्धा तोंडावर बोलणारी बाई, हिच्या पोटात काही राहत नाही, असंच सांगतील. राहिलंय. एक गोष्ट राहिली आहे, नवऱ्यालाही न सांगितलेली. आज तुम्हाला का सांगते आहे, ते विचारू नका — मलाच नीट कळत नाही.

बदकांपासून सुरुवात करते. आमचं रान भीमेला लागून, म्हणून मी हौसेनं बदकं पाळली होती. सासूबाई नाक मुरडायच्या. पण त्या बदकांपायीच दौंडचे अंकल आमच्या दारात आले. रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ, रविवारी गळ घेऊन नदीवर बसायचे. त्यांना पांढरी पिसं हवी होती — जिग बांधायला. जिग म्हणजे काय, तर गळाच्या डोक्याला शिशाची गोळी ओतलेली असते आणि मागे रंगवलेली पिसं दोऱ्यानं घट्ट बांधलेली. पाण्यातून ओढलं की पिसं हलतात, मोठ्या माशाला वाटतं छोटा मासा चाललाय, आणि तो येतो तोंड वासून.

अंकलची नजर अधू झाली होती, बारीक दोरा दिसायचा नाही. म्हणून त्यांनी मला शिकवलं. पिसं निवडायची, उकळत्या रंगात घालायची आणि शेवटी चमचाभर लिंबूसत टाकायचं. त्या आंबटानंच रंग पिसाला धरतो. ते राहिलं तर रंग दिसतो झकास, पण पाण्यात पडला की सुटतो. मी शिकले, आणि चांगलं शिकले. पुण्याचे हौशी लोक अंकलकडून माझ्या जिगा मागून न्यायला लागले. अंकल मला ‘मास्टर’ म्हणायचे. तुम्हाला हसू येईल, पण त्याआधी मी कुणाची तरी थोरली सून होते, कुणाची तरी आई होते. मास्टर मात्र मी एकटीच होते — निदान मला तसं वाटायचं.

मग नंदा आली. माझ्या धाकट्या दिराची बायको. माहेर तळेगाव ढमढेऱ्याकडचं, घरचा शेवंतीचा मळा. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून गजरे बांधतच ती मोठी झालेली. तिला जिग बांधायला मीच बसवलं, बरं का. कुणी गळ घातली नव्हती. मदतीला हात होईल असा माझा हिशेब होता. पण तिचे हात मदतीचे नव्हतेच. गजऱ्याची ती सरकती गाठ तिनं पिसांना मारली, आणि गाठ कुठे आहे ते शोधावं लागेल अशी जिग अंकलसमोर ठेवली. तिच्याशेजारी माझी ठेवली की वाटायचं, ही कुणीतरी झोपेत बांधली आहे.

अंकलनी ती बोटांवर फिरवली आणि म्हणाले, “अरे, मास्टर तो ये है.”

हसत म्हणाले. मीही हसले. आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबलंच नाही. मी तिच्या भाजीला उगाच खारट म्हणून नावं ठेवायला लागले. अंकल आले की चहा घेऊन मीच पुढे जायची, तिला आत काहीतरी काम लावून. आणि तिला यातलं काही कळायचं नाही — किंवा कळायचं, पण ती मनावर घ्यायची नाही. कोणतं जास्त वाईट? मला दुसरं वाटायचं.

पुढं पुण्याच्या एका दुकानदारानं दौंडला शेड घेतली. बायका बसवून जिगा बांधून घ्यायच्या, आणि त्यांच्यावर एक शिकवणारी हवी. शेडमागं एक खोलीही होती, तिच्यासाठी. अंकल म्हणाले, दोघींनी आपापल्या हातानं रंगवून, बांधून आणा. शेठ बघेल आणि ठरवेल. मला ती खोली नकोच होती. माझं घर, माझी बदकं, कमरेला घरच्या किल्ल्यांचा जुडगा. नंदाला हवी होती. चुलीशी बसल्या बसल्या ती एकदा म्हणाली होती, “आक्का, एक तरी किल्ली माझ्या नावाची आसावी, येवढंच वाटतंय बगा.” माझ्या कमरेकडे बघत म्हणाली. तिनं सहज बघितलं असेल. मला ते टोचलं.

आता सांगायलाच हवं.

त्या दुपारी परसात तिचा लाल रंग उकळत होता. माझी पिसं आदल्या दिवशीच रंगवून वाळली होती. आतून तिच्या लेकीचं, रुपालीचं, रडणं ऐकू आलं — उंबऱ्यावर आपटली होती. नंदा उठली. जाता जाता म्हणाली, “आक्का, लिंबूसत तेवढं टाका.” डबा माझ्या हाताशी होता. चमचा डब्यात होता. मी नुसती बसून राहिले. विसरले का? नाही. हात अडकला होता का? तेही नाही. रंग किती छान लाल दिसतोय, हे बघत होते.

ती परत आली. कडेवर पोर, तिच्या कपाळाला हळद लावलेली. “टाकलं?”

“टाकलं.”

एवढंच. एका शब्दाचं खोटं. पण तेवढ्यावर थांबले असते तर तुम्हाला म्हणाले असते की मोह झाला. धुताना रंग सुटला असता आणि तिला कळलं असतं, म्हणून मी प्रेमानं म्हटलं, तू पोरीला घे, पिसं मी धुते. धुतली कसली — एकदा पाण्यावर टेकवली आणि सावलीत पसरली. रात्री तिनं ती बांधली. इतकी सुरेख बांधली की माझ्या पोटात आणखीच दुखलं.

दौंडला अंकलच्या व्हरांड्यात शेठनं पाण्याचे दोन ग्लास मागवले. एकात माझी जिग सोडली, एकात तिची. माझं पाणी तसंच राहिलं. तिच्यातून आधी एक बारीक लाल धागा निघाला, मग सगळा ग्लास गुलाबी झाला. अंकलनी तिला विचारलं, लिंबूसत डाला था? ‘आक्कांनी टाकलं’ — एवढं ती म्हणाली असती तर मी उघडी पडले असते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “टाकलं हुतं, अंकल. माझाच हात कच्चा.”

तिला कळलं होतं का? मला नाही वाटत. तिच्या डोळ्यांत संशय शोधायला मी किती वेळा बघितलं असेल. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

शेडची किल्ली मला मिळाली. जीपनं जायची-यायची, खोलीत रंगाचे डबे ठेवायची. अंकल पुन्हा मास्टर म्हणायला लागले, आणि तो शब्द मी मिटक्या मारत ऐकला. हो, आनंद झाला मला. नंदानं पुन्हा पिसाला हात लावला नाही. पुढं शेड बंद पडली, अंकल गेले, बदकंही संपली. तिचं ते वाक्य मात्र घरात राहिलं. लोणचं घालायचं असो, सणाला गौरीला फुलांची वेणी बांधायची असो — माझा हात कच्चा, आक्कांना सांगा.

परवा रुपालीचं लग्न झालं. आदल्या दिवशी अक्षता रंगवायच्या होत्या. मांडवात बायका जमल्या, तांदळाची परात आली, कुंकू आलं, आणि सगळ्या म्हणाल्या, पहिला हात नवरीच्या आईचा. नंदानं परात माझ्याकडे सरकवली.

“आक्का, तुमीच रंगवा. माज्या हाताचा रंग टिकत न्हाई.”

चारचौघी होत्या. तोंड माझंच होतं, फटकळ. मी बांगड्या वर सारल्या, कुंकवात पाणी घातलं आणि तिच्या लेकीच्या अक्षता लाल करून दिल्या.