मामा एक्स्पायर होतात

आमचे मामेसासरे वारल्याचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा मी उत्तर पाठवलं, 'घाबरू नका. तीन महिन्यांच्या आत थोडे पैसे भरले की परत चालू करून देतात.'

वाचकांपैकी जे सभ्य असतील ते इथंच पान उलटतील. उरलेल्यांना सांगतो. निरोपात 'वारले' नव्हतं, 'एक्स्पायर झाले' होतं, आणि आमच्या घरात या शब्दाचा अर्थ गेली कित्येक वर्षं वेगळाच होता. माझ्या बायकोचे हे मामा म्हणजे सोलापुरातले, खरं तर साऱ्या पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ, जे अधूनमधून एक्स्पायर व्हायला येत, आम्हाला धावपळ करायला लावत आणि ऐन वेळी वाचत. मग मामींना म्हणत, "झालो गं जिवंत. चहा टाक."

मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. निवृत्तीनंतर विजापूर रोडला दोन खोल्या बांधून राहिले. आयुष्यभर रेल्वेच्या पासावर फिरलेला माणूस, त्यामुळं हक्काचा प्रवास वाया जाणं हे त्यांच्या लेखी अन्न टाकण्याइतकं वाईट. एका वर्षी पास संपायला आला म्हणून मामींना घेऊन ते थेट जम्मूपर्यंत गेले, फलाटावर चहा प्याले आणि उलट्या गाडीनं परत आले. मी विचारलं, "मामा, जम्मूला कोण आहे आपलं?" तर मलाच वेड्यात काढून म्हणाले, "पास हुता की!"

असा माणूस आयुष्यात एकदाच विमानात बसला. लेक वैशू लग्न होऊन मेलबर्नला गेलेली. तिच्या बाळंतपणाला मामा-मामी फंडाच्या पैशातनं तिकिटं काढून गेले. शेंगाची चटणी तिथल्या कस्टमवाल्यानं उघडून हुंगली आणि शिंकत शिंकत जाऊ दिली, असं मामा सांगत. खरंखोटं ती चटणी जाणे. पण त्या प्रवासात दोन गोष्टी घडल्या, आणि पुढचं सगळं त्यांच्यामुळंच झालं. पहिली म्हणजे, विमान कंपनीच्या मुलीनं दोघांना सभासद करून घेतलं आणि जितका प्रवास झाला तितके मैल दोघांच्या मिळून एका खात्यात जमा झाले. मैल साठवले की फुकट तिकीट मिळतं, हे कळल्यावर मामा दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. मग म्हणाले, "जावई, रेल्वेत आमी जिंदगी घातली. पर रेल्वेनं एक मैल कदी परत दिला न्हाय बघा."

दुसरी गोष्ट खिडकीची. विमानात दोघांच्या वाट्याला खिडकीची जागा एकच आली होती. जाताना मामी बसल्या, येताना मामांची पाळी ठरली. पण येताना पडली रात्र. सोलापूरकरांच्या भाषेत सांगायचं तर बाहेर काळं कुत्रंसुद्धा दिसलं नाही. मामांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "ही पाळी धरायची न्हाय. तुझ्याकडं माझी एक खिडकी ऱ्हायली."

त्या दिवसापासून मामांचं एकच ध्येय होतं. लेकीकडं परत जायचं, दोघांनी जायचं आणि मैलांवर जायचं. वैशू दर दिवाळीला म्हणायची, "अण्णा, मी तिकिटं पाठवते, या." मामा फोन कानापासून लांब धरून ओरडत, "लेकीच्या पैशानं लेकीकडं? मग आमी आलो म्हनायचं का तू आनलं म्हनायचं?" आणि मैल म्हणाल तर एका माणसाचं जाऊन-येऊन तिकीट निघेल इतकेच होते. दोघांचं निघत नव्हतं. मामी म्हणायच्या, "माझं गुडगं धरत्यात. तुमी जाऊन या की एकलं." मामा म्हणत, "एकल्यानं खिडकीला बसून काय करू? शेजारी जळाय कोन नको?"

आणि कंपनीचा नियम असा, की दीड वर्ष खात्यात काही हालचाल झाली नाही तर सगळे मैल एक्स्पायर. मग तीन महिन्यांच्या आत थोडे पैसे भरले तरच परत चालू. कंपनीचा इशारा आला की मामा माझ्याकडं यायचे. मी इथल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो, म्हणजे सगळ्या देशांचं मला ठाऊक असतं, फक्त तिथं कसं जायचं ते नसतं. पण घरात मोबाइलवर बोट चालतं ते माझंच. मामा दारातनंच म्हणत, "जावई, मी जूनला एक्स्पायर हुतोय. कायतरी हालचाल करा."

मैल, खातं, सभासदत्व असले शब्द मामांनी कधीच वापरले नाहीत. एक्स्पायर व्हायचे ते थेट मामाच. त्यावरनं एकदा अनर्थ झाला. वर्कशॉपातल्या निवृत्त मंडळींचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यावर मामांनी लिहिलं, 'मी महिनाअखेरीस एक्स्पायर होत आहे. कुणाकडे उपाय असल्यास कळवावे.' दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीहून त्यांचे जुने जोडीदार शेखभाई पिशवीभर सफरचंदं घेऊन आले आणि फाटकातच मामांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागले. मामा धुणं वाळत घालत होते. ओल्या लेंग्यासकट मिठीत सापडलेले मामा ओरडले, "अरे रोता कायको? मैल हाय ते, मैल!" सगळा प्रकार कळल्यावर शेखभाईंनी डोळे पुसले आणि पिशवी परत उचलली. "मैलांच्या वास्ते मला रडवलं? सेब वापस दे." मामींनी कडक भाकरी आणि पिठलं वाढल्यावर त्यांचा राग उतरला, तरी अर्धी सफरचंदं त्यांनी परत नेलीच.

हालचाल करायची म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन दुकानातनं काहीतरी विकत घ्यायचं. तिथली सगळ्यात स्वस्त वस्तू होती हात पुसायचा नॅपकिन. पहिला आला तेव्हा मामांनी चष्मा लावून त्याची चिठ्ठी वाचली आणि खुर्चीत मागं टेकले. नॅपकिन सोलापूरचा होता. आमच्याच एमआयडीसीतल्या मागावर विणलेला, तिथनं दिल्लीकडच्या गोदामात गेलेला आणि तिथनं परत विजापूर रोडला आलेला. मामा त्याच्याकडं आदरानं बघत म्हणाले, "बघा की जावई, आमच्यापेक्षा ह्येचं मैल जास्त झालं." तेव्हापासून दर खेपेला एक नॅपकिन. मामांच्या घरी गेलं की हात धुवायच्या आधीच नॅपकिन पुढं यायचा.

कधी कधी कंपनी प्रश्नावली पाठवायची. ती भरली की थोडे मैल जास्तीचे मिळत. मी वाचायचो आणि मामा उत्तरं द्यायचे. "आपण व्यावसायिक प्रवास सहसा कोणत्या वर्गानं करता?" मामा म्हणाले, "शिलीपर. साइड लोवर." मी म्हटलं, "मामा, विमानाचं विचारतायत." मामा म्हणाले, "खरं ते लिवा. खोटं बोलून मैल नको."

माझं बोट चालतं म्हणालो, ते एकदा जास्तच चाललं. मैल वाढवायच्या नादात मी भलतंच बटण दाबलं आणि खात्यातले बरेचसे मैल झाडं लावणाऱ्या कुठल्याशा संस्थेला दान झाले. पडद्यावर हिरवं पान नाचलं आणि 'धन्यवाद' आलं. दोघांच्या तिकिटाचं जे काही जमत आलं होतं ते पुन्हा लांब गेलं, खाली उरलं ते एकाचंच. मी घाम पुसत बसलो. नॅपकिन मामांनीच दिला. रागावले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "कुटं लावलंय झाड, ते तरी इचारा. उन्हाळ्यात सावलीला जाऊन बसतो." आतनं मामींचा आवाज आला, "भूगोल शिकवत्यात म्हनं!"

होटगी रोडच्या विमानतळावरनं विमानं उडायला लागली तेव्हा मामा मामींना रिक्षात घालून कुंपणाबाहेर घेऊन गेले. विमान येताना बघितलं, जाताना बघितलं. घरी येऊन म्हणाले, "आपली कंपनी न्हाय ती. पर खिडक्या लई हुत्या."

तर तो निरोप. मामा कुर्डुवाडीला गेले होते, शेखभाईंच्या नातवाच्या लग्नाला. बिर्याणी त्यांना चालत नव्हती, म्हणून शेखभाईंनी त्यांच्यापुरतं वरण-भात करून घेतलं होतं. जेवून दोघं स्टेशनवर येऊन बसले, परतीच्या गाडीची वाट बघत. बाकावर बसल्या बसल्या मामांनी मान टाकली. शेखभाईंना फोनवर बोलणं सुधरेना, म्हणून त्यांनी मला लिहिलं, 'मामा एक्स्पायर झाले.' मी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला उभा होतो. टेबलाखाली फोन धरून वाचलं आणि मनात म्हटलं, बघा, या खेपेला मला सांगायला विसरले, आणि माझीही तारखेची गडबड झाली. आणि ते उत्तर पाठवलं.

फोन वाजला. मी वर्गाबाहेर आलो. पलीकडं गाड्यांची घोषणा चालली होती. मग शेखभाई हळूच म्हणाले, "जावईसाब, मैल न्हाई हो. अबकी बार मामाच."

वैशू आली. विमानं बदलत बदलत पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बापाच्या खुर्चीसमोर ती जमिनीवर बसून राहिली. तिच्या प्रवासाचे मैल तिच्या खात्यात जमा झाल्याचा निरोप तिच्या फोनवर वाजला, तो तिनं मला नुसता दाखवला. जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "भावजी, अण्णांना एकट्याचं तिकीट खरंच निघत होतं?"

"केव्हाचं."

"मग का नाही आले?"

"खिडकी," मी म्हणालो. ती उठून आत गेली. आईला म्हणाली, चल माझ्याबरोबर. मामी म्हणाल्या, बघू. वैशू एकटीच परत गेली.

मामींना एकटीला त्या दोन खोल्यांत बघवेना. काही महिन्यांनी माझा फोन वाजला. मीच लावून ठेवलेली आठवण होती, 'मामा एक्स्पायर होतील.' कंपनीला कुणी काही कळवलं नव्हतं. कंपनीच्या लेखी मामा अजून खुर्चीत बसून हालचालीची वाट बघत होते. आणि माझ्या उशिरा पेटणाऱ्या डोक्यात प्रकाश पडला, की दोघांना न पुरणारे मैल आता पुरत होते. आता एकच तिकीट हवं होतं. मी नॅपकिन मागवला.

पार्सल आलं त्या दिवशी मुद्दाम गेलो. पुडक्यावर मामांचं नाव होतं. मामींनी ते विळीवर कापलं, आतला नॅपकिन काढला आणि मांडीवर पसरला. मी म्हणालो, "मामी, मैल जिवंत आहेत. तुमचं तिकीट निघतंय. वैशूकडं जाऊन या."

मामींनी नॅपकिनच्या कडा सरळ केल्या.

"एकली?" त्या म्हणाल्या. "आन् खिडकीला कोन बसायचं? पाळी त्येंची हुती."

भूगोलात याचं उत्तर नाही. मामींनी नॅपकिन डोळ्यांना लावला. एका बाजूनं भिजला, मग दुसऱ्या बाजूनं, मग सगळाच भिजला. तो पिळल्यासारखा मुठीत धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुमाला कदीच अक्कल यायची न्हाय, जावई. एवडुशा नॅपकिनात काय हुतंय? मोठा टावेल मागवायचा की!"