राजधानीभोवतीचे घोडे

नांदेडला माझी पत्रकं ज्यांच्याकडे निघतात, त्या झेरॉक्सवाल्या मामांना कसलीच घाई नसते. मोबाइलवरच्या युद्धाच्या खेळातही ते आधी शेजारच्या राजाला नजराणा पाठवतात, मगच फौज हलवतात. खेळात राज्यं तीन: माझं, मामांचं आणि बिलोलीच्या त्यांच्या साडूचं. आपली पाळी आली की चाल करायची.

मामांशी माझा तह होता. तरीही माझी फौज दूर गेलेली पाहून त्यांचे घोडेस्वार माझ्या राजधानीला वेढा घालून उभे राहिले.

"मामा, ही दगाबाजी झाली!" मी दुकानातच ओरडलो.

"चाल करा भाऊ, बोंबलू नका," ते मशीनमध्ये कागद लावत म्हणाले.

पुढच्या पाळीला साडूची फौज चालून आली. मामांच्या घोड्यांमुळे राजधानीला लागून पटावरचं एकही घर मोकळं नव्हतं, म्हणून ती तशीच परत फिरली. मी ओशाळून मामांचे आभार मानले आणि विचारलं, "आता घोडे कधी काढता?"

"तह हाय की. गडबड काय लावली?"

घोडे अजून तिथंच आहेत. माझीच फौज माझ्या राजधानीत न्यायची, तर मला मामांना वाट मागावी लागते. ते चहा सांगतात, हसतात आणि वाट देतात. एकदा जरी नाही म्हणाले असते, तर मला लढता तरी आलं असतं.