गाळीचं दूध

मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून बैहरला जाताना घाट चढला की सालाच्या जंगलात उजव्या हाताला तीन कॉटेजी दिसतात. त्या बांधल्या एका गोऱ्या साहेबाने आणि जाताना विकल्या वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्या सेठला. साहेबाने केलेलं बरं होतं. उतरती कौलारू छपरं, रुंद व्हरांडे, तिन्ही घरांत मिळून एक बाग आणि बागेच्या टोकाला पोहायचा तलाव. सेठने आपल्या अकलेने त्यात भर घातली. गुलाबांच्या वाफ्यात सिमेंटची दोन हरणं बसवली आणि त्यांचे ओठ लाल रंगवले. तलावाशी पाटी लावली, 'साबुन लगाना मना है', आणि खाली तेच इंग्रजीत, तीन चुका करून. तिसऱ्या कॉटेजमध्ये तांदळाची पोती रचून ठेवली होती. उरलेल्या दोन तो 'हवा बदलायला' येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायचा.

बी.ए.ची परीक्षा देऊन मी जबलपूरहून घरी आले, त्या मे महिन्यात आम्ही तिथे आठ दिवस राहिलो. माझे वडील बालाघाटला जंगल खात्याच्या कचेरीत होते. हवा बदलण्याची गरज त्यांना कधीच भासली नव्हती, म्हणून त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझ्या बॅगेत एक पत्र होतं. जबलपूरच्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी लहानपणापासून बोर्डर होते, तिथल्या मदरने जुलैपासून शिकवायला ये, असं लिहिलं होतं. उत्तर महिनाअखेरीपर्यंत हवं होतं. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "तिथून आल्यावर पाहू."

तिथे काय होणार होतं ते आदल्या दिवशी आईने सांगितलं. शेजारच्या कॉटेजमध्ये पुण्याचे लोक उतरणार होते. आई, वडील आणि मुलगा. मुलगा कारखान्यात इंजिनियर होता. त्यांना कान्ह्याचं जंगल पाहायचं होतं आणि मलाही पाहायचं होतं, एकाच फेरीत. बाग एकच असल्यामुळे कोणी कोणाला पाहायला आलं असं दिसणार नव्हतं. ही युक्ती बाबांच्या साहेबांची. तिचा सगळ्यांना फार अभिमान होता.

आईला मुलाच्या पगाराची किंवा माझ्या रंगाची काळजी नव्हती. तिला काळजी होती भाषेची. आमच्याकडे मले, तुले, काहून, हौ. 'ळ' आमच्या तोंडात टिकत नाही, त्याचा 'य' होतो. डोळ्याला डोया, केळीला केयी, काळ्याला काया. आई हिंदी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी तिने बोलण्यातच ऐकलेली, कागदावर कधी पाहिलेली नव्हती. मी तर त्यातही नव्हते. शाळेत इंग्रजी आणि घरी हिंदी, कारण सातवीत असताना एका नागपूरच्या मुलीने माझं 'मले' वर्गभर करून दाखवलं होतं आणि त्या दिवसापासून मी तो शब्द बंद केला होता. आज मी लिहिते आहे ही भाषा नंतर पुस्तकांतून उचललेली आहे. पुण्याच्या त्या बाईंना ती पसंत पडली असती. मला तिचं विशेष कौतुक नाही.

तर आईने घरातल्या सगळ्यांसाठी दोन नियम केले. 'ले' आला की 'ला' म्हणायचं. 'य' आला की 'ळ' म्हणायचं. बसमध्ये ती पुटपुटत बसली होती, "मला, तुला, त्याला. केळी, डोळा." मी खिडकीबाहेर बघत होते. मला तिची लाज वाटत होती आणि तिने ते ओळखू नये एवढीच माझी इच्छा होती.

पुण्याचे लोक त्याच दिवशी दुपारी जीपने आले. आई व्हरांड्यातून धावत गेली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो ऐकलं का, पाहुणे आला!"

त्या बाई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, जीपमधून उतरता उतरता थांबल्या. एक भुवई वर गेली. तेवढंच. माणसाला भुवईने तोलणाऱ्या नन्स मी कॉन्व्हेंटमध्येही पाहिल्या होत्या, पण त्या निदान उंच तरी असत. काकू बुटक्या होत्या, नऊवारी नेसायच्या आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची खालची बाजू बघायच्या. काकांना वर्तमानपत्र लागायचं आणि ते तिथे मिळत नव्हतं, म्हणून ते पुण्याहून आणलेला एकच अंक आठ दिवस वाचत होते. मुलगा सत्तावीस वर्षांचा, गोरा, चष्मेवाला. गळ्यात कॅमेरा. पाच मिनिटांत त्याने मला लाल ओठांच्या हरणाशेजारी उभं केलं.

"स्माइल प्लीज," तो म्हणाला. "नॅचरल स्माइल." मला जमलं नाही. हरणाला जमत होतं.

तलावात उतरण्याआधी काकूंनी चौकीदाराला बोलावलं. म्हातारा गोंड होता, पाठीत वाकलेला. "या पाण्यात कोण कोण उतरतं?" त्यांनी विचारलं. तो जरा वेळ विचार करत राहिला. "साब लोग उतरते हैं, बाई," तो म्हणाला. मग त्यांचा चेहरा बघून धीर द्यायला म्हणाला, "भैंस नहीं उतरती." काकूंनी त्यावर कळशीभर पाणी काढून फेकलं, म्हणजे तलाव शुद्ध झाला, आणि मुलाला परवानगी मिळाली. तो निळी चड्डी घालून उतरला, नाक धरून एक बुडी मारली आणि नंतर काठाला धरून बराच वेळ पाय हलवत राहिला. मग वर येऊन माझ्या खुर्चीजवळ ठिबकत उभा राहिला.

"स्विमिंग इज माय हॉबी," तो म्हणाला. "ऑल्सो फोटोग्राफी. आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. यू आर हॅविंग?"

"नो," मी म्हटलं.

तो रोज येऊन असं बोलायचा. मी एका शब्दात उत्तर द्यायचे, त्याला तो संकोच वाटायचा आणि संकोच त्याला आवडायचा. मी त्याचं इंग्रजी एकदाही सुधारलं नाही. तेवढी सभ्यता मला शिकवलेली होती.

ती त्यांच्याकडे नव्हती, हे चौथ्या दिवशी कळलं. संध्याकाळी सगळे बागेत वेताच्या खुर्च्यांवर बसले होते. चौकीदाराच्या बायकोने गाय व्याली म्हणून ताजं दूध आणून दिलं होतं. आईने ते वेलदोडा घालून आटवलं, पेल्यांत ओतलं आणि ट्रे घेऊन आली. ती नियम पाठ करत येत होती, हे मला तिच्या ओठांवरून दिसत होतं.

"घ्या ना ताई," ती म्हणाली. "गाळीचं दूध आहे. मस्त साळ आली आहे वर."

काकूंनी पेला तोंडाशी नेला होता तो खाली आणला. "कशाचं?"

"गाळीचं," आई म्हणाली, आणखी स्पष्ट. "म्हशीचं नाही. गाळीचं."

मुलगा हसला. नाकातून, आत ओढून, तलावात नाकातोंडात पाणी गेल्यावर करायचा तसा आवाज. "आई, चिखलाचं दूध!" तो म्हणाला. काकू म्हणाल्या, "गप रे," आणि स्वतः पदर तोंडाला लावला. काकासुद्धा वर्तमानपत्रामागे हलत होते. आई हसली. तिला कारण कळलं नव्हतं, पाहुणे खूश झाले एवढंच कळलं होतं. बाबांना कळलं होतं. ते सिमेंटच्या हरणाकडे बघत बसले.

त्यानंतर त्यांना खेळणं सापडलं. "काय वहिनी, आज गाळ नाही?" सकाळी चहाला. "पाळ धुऊन येऊ का?" दुपारी जेवायच्या आधी. काकू आईला मुद्दाम विचारायच्या, "दुधावर धरते ती, तिला तुमच्याकडे काय म्हणतात?" आणि आई उत्तर द्यायची. ज्यांच्या घरात चार पिढ्या एकच भाषा एकाच तऱ्हेने बोलली गेली, त्यांना ती स्वतःची कमाई वाटते. मी इतकी स्वस्त ऐट दुसरी पाहिलेली नाही.

पण मला माझंही लिहायला हवं. सहाव्या दिवशी आई स्वयंपाकघरात कणीक मळता मळता थांबली आणि हळूच मला म्हणाली, "'काय' म्हणतेत का 'काळ'?" तोवर ते लोक कशाला हसतात हे तिच्या लक्षात आलं होतं. तिला 'काय' बरोबर की चूक, एवढंच हवं होतं. मला ते माहीत होतं. मी म्हटलं, "मुझे नहीं मालूम." आणि पाणी प्यायला बाहेर आले. त्या दिवसापासून आई पाहुण्यांसमोर खुणांनी बोलू लागली. हे घ्या, ते द्या, असं. तिच्याजवळ तेवढेच शब्द सुरक्षित उरले होते.

आठव्या दिवशी सकाळी चौकीदार तलाव रिकामा करत होता. दर आठवड्याला तो मोरी उघडून पाणी बागेत सोडायचा. हिरवं पाणी गुलाबांच्या वाफ्यात शिरत होतं आणि आम्ही पाय वर घेऊन चहा पीत होतो. काकूंनी कप बशीत उपडा ठेवला.

"आमचा होकार आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी शांत आहे, उलट बोलणारी नाही. इंग्रजी येतं, त्याचा ह्याला उपयोग होईल. मराठीचं काय, सहा महिन्यांत मी वळण लावीन. नोकरीबिकरी मात्र आमच्याकडे चालणार नाही." बाबांनी मान डोलावली. मग त्या आईकडे वळल्या. "एक सांगते वहिनी, राग मानू नका. लग्नात आमची पुष्कळ मंडळी असतील, प्रोफेसर वगैरे. तिथे बोलणं सगळं तुम्ही यांच्यावर सोपवा."

"हो, हो," आई घाईघाईने म्हणाली. "मी नाही बोलणार."

ते वाक्य व्याकरणाने निर्दोष होतं. आठ दिवसांतलं तिचं पहिलं.

मी म्हटलं, "मले नाही कराचं हे लग्न."

आपण काय बोललो याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी हिंदीत म्हणू शकले असते. इंग्रजीत तर मी ते इतकं नीट म्हणू शकले असते की मुलाला कळलंच नसतं.

"काय म्हणाली ही?" काकूंनी विचारलं.

आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मला!" ती म्हणाली. "मला म्हण! किती दिवसांपासून सांगून राह्यली मी सगळ्यांले, मला म्हणा, मला म्हणा..." मग तिने स्वतःचंच ऐकलं आणि हात तोंडावर नेला.

"इज शी जोकिंग?" मुलाने बाबांना विचारलं.

"मले नाही कराचं," मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?" काकू बाबांना म्हणाल्या. "मुलीच्या जातीने असं तोंड वर करून बोलायचं?"

बाबांनी कप खाली ठेवला. ते आयुष्यभर साहेबांसमोर उभे राहिलेले गृहस्थ. ते काकूंशी बोललेच नाहीत, काकांशी बोलले. "पोरगी नाही म्हणून राह्यली साहेब," ते म्हणाले. "आता मी काय करू?"

काकांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. मला वाटतं त्यांना जंगल आवडलं होतं आणि बाकी कशाशी त्यांचा संबंध नव्हता. काकू उठल्या, आणि उठताना त्यांचा पाय वाफ्यातल्या चिखलात गेला. मुलाने त्यांना धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं ते दुखावल्यासारखं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या दुखावण्याचंही मला काही वाटलं नाही.

मी हे आईसाठी केलं असं पुढे नात्यातल्या दोघीतिघींनी कौतुकाने सांगितलं. खोटं आहे. आईसाठी करायचं असतं तर सहाव्या दिवशी स्वयंपाकघरात करता आलं असतं. मला त्या माणसांबरोबर एक दिवसही राहायचं नव्हतं आणि मला जबलपूरला जायचं होतं.

आईलाही ते तसंच दिसलं. परतीच्या बसमध्ये घाट उतरेपर्यंत तिने मांडीवरची पिशवी दोनदा उघडून बंद केली. मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशी सुरू झाली.

"आता कोण येईल तुले पाहाले? बोल ना! तिथं मोठं तोंड उघडलं, आता काहून चुप बसली? आठ दिवस मी त्या बाईचं ऐकून घेतलं, ते कोणासाठी? माह्यासाठी?"

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला. "क्या देखता है?" आईने त्याला विचारलं. तो सरळ बसला.

"जबलपूरले लिहून दे," बाबा म्हणाले. "येतो म्हणून."

"लिहा, लिहा," आई म्हणाली. "नन होऊन जाय म्हणा तिले."

पत्र मी घरी पोचल्यावर लगेच लिहिलं. इंग्रजीत, चार ओळी. आई दाराशी उभी होती. काय लिहिलं म्हणून तिने विचारलं आणि मी सांगितलं. जितकं जमलं तितकं तिच्याच बोलीत सांगितलं, अडखळत, आणि दोनदा हिंदीत घसरले. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"जुलैले पाऊस राहते तिकडं," ती म्हणाली. "छत्री घेऊन जाजो."

त्यानंतर जुलैपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.