काचपेटीतले बूट

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. त्या दुपारी मला रडू येत होतं, आणि आजवर ज्यांना ज्यांना हे सांगितलंय ते सगळे चहा सांडेपर्यंत हसलेत. मित्र म्हणवतात स्वतःला.

तर, कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीत शेफाली राहते. शेफाली मंडल. कॉलेज करते आणि फुटबॉल खेळते. खरं तर फुटबॉल खेळते आणि जमलं तर कॉलेज करते. आडनावावरून ती तुम्हाला कोलकात्याची वाटेल. मलाही वाटली होती. पहिल्या दिवशी मी मोठ्या आपुलकीनं तिच्याशी हिंदी बोलायला लागले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मराठीत बोला ना जी. मी गडचिरोलीची आहो."

तिचे आजी-आजोबा पूर्व बंगालातून जीव मुठीत धरून आलेले. कितीतरी वर्षं छावणीत गेली, मग सरकारनं गडचिरोलीच्या जंगलात थोडी जमीन देऊन त्यांना वसवलं. वडील आठवडी बाजारात मासे विकतात. शेफाली आणि तिची थोरली बहीण धान कापून झालेल्या शेतात खेळत मोठ्या झाल्या. दोघींत मिळून बुटांचा एकच जोड. चेंडू मारायला शेफालीचा डावा पाय चालतो, बहिणीचा उजवा. मग काय, एकीनं डावा बूट घालायचा, दुसरीनं उजवा, आणि उरलेला पाय दोघींचाही अनवाणी!

हे तिनं मला मोजे धुता धुता सांगितलं, जणू गावच्या बसचं वेळापत्रक सांगतेय. माझी मात्र झोप उडाली.

आता माझा स्वभाव. जगात कुठेही अन्याय दिसला की मला तो शुक्रवारपर्यंत संपवायचा असतो. समाजशास्त्रात एम.ए. केलंय, नोकरी अजून एकही पटलेली नाही, आणि आमचा पाच-सहा जणांचा एक गट आहे. आम्ही त्याच सुमारास सदाशिव पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये विस्थापितांवर प्रदर्शन भरवत होतो. फोटो होते, एक गंजलेली ट्रंक होती, भांडी होती. पण बघणाऱ्याच्या काळजाला हात घालेल असं काही नव्हतं.

आणि एका सकाळी बाल्कनीत वाळत घातलेले शेफालीचे बूट दिसले.

तळ दोनदा चिकटवलेला. एक नाडी पांढरी, दुसरी हिरवी. आणि डाव्या बुटाला, करंगळीपाशी, एक लांबट भोक. त्या भोकातून मला, खरं सांगते, अख्खी फाळणी दिसली.

योगायोग बघा. ज्या शुक्रवारी आमचं उद्घाटन होतं, त्याच शुक्रवारी बाहेरगावच्या एका मोठ्या क्लबची माणसं मुलींच्या संघासाठी निवड करायला पुण्यात येणार होती. निवड झाली तर राहणं, जेवण, महिन्याचं मानधन. नाही झाली तर शेफाली महिनाअखेरीला गावी परत, कारण खोलीचं भाडं आता झेपत नाही असं वडिलांनी कळवलं होतं. तीही गोष्ट तिनं मोजे धुतानाच सांगितली.

मग माझ्या सुपीक डोक्यानं एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. गटात वर्गणी काढली, चकचकीत नवे बूट आणले. माप? अहो, आम्ही दोघी एकमेकींच्या चपला घालतो, मी माझ्याच पायात घालून बघितले. अगदी बरोबर बसले. शुक्रवारी शेफाली कॉलेजला गेल्यावर दुपारी ती घरून उचलून नेणार होती ती खेळाची बॅग मीच भरली, नवे बूट आत ठेवले, चेन लावली. आणि जुने बूट पिशवीत घालून स्कूटरवरून थेट सदाशिव पेठ.

हॉलचं सगळं परचुरेकाका बघतात. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. बूट त्यांच्या देखत काचपेटीत ठेवले आणि खाली मी लिहिलेली पाटी लावली: 'निर्वासित कुटुंबातल्या एका उपाशी लेकीने ज्यांच्या बळावर नियतीला लाथ मारली, ते हे फाटके बूट.' काकांनी ती चष्मा वर-खाली करून वाचली आणि "हं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, गहिवरले.

मागच्या प्रदर्शनात आमच्याच एका शहाण्यानं पेटी उघडून आतला कंदील हातात धरून फोटो काढला होता आणि काच फोडली होती. म्हणून मी काकांना बजावलं, "उद्घाटन साडेपाचला आहे. तोवर कोणीही येऊ दे, पेटी उघडायची नाही. अगदी मी आले तरी नाही." काकांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते.

दुपारी मी मंडईत पाहुण्यांसाठी गुच्छ बांधून घेत होते, तेव्हा शेफालीचा फोन आला. मागे शिट्ट्या, आरडाओरडा. ती मैदानावर पोचली होती.

"ताई, माहे बूट कुठी आहेत जी?"

"बॅग नीट बघ," मी म्हटलं. आवाजात आनंद मावत नव्हता.

"बघितली. हे नवे कोणाचे हायेत?"

"तुझे!"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, भरून आलं पोरीला.

"आन् जुने?"

जुने आता साऱ्या पुण्याला प्रेरणा देणार आहेत, असं काहीतरी मी सांगितलं. ती एकदम खालच्या आवाजात बोलायला लागली. सामन्याच्या दिवशी नवे बूट कोणी घालत नाही, ताई. नवा बूट महिना-दोन महिने पायात मुरवावा लागतो, नाहीतर पाय सोलून काढतो. आणि तिची डावी करंगळी लहानपणापासून बाहेर आलेली आहे, कुठलाच बूट तिला धड बसत नाही.

"म्हणून तर मी ते भोक पाडलं ना जी. ब्लेडनं. त्यातून करंगळीले जागा होते."

मंडईत, गुच्छ हातात धरून, माझी फाळणी अशी पायाखालून सरकली. तो दारिद्र्याचा घाव नव्हता. ती करंगळीची सोय होती!

शहराच्या दुसऱ्या टोकाला, साडेचारला, तासाभराचा निवडीचा खेळ सुरू होणार होता. चार वाजत आले होते. दुसऱ्या कोणाचे बूट? सगळ्या आपापल्या बुटांत खेळणार. मी म्हटलं, "आणते. आत्ता आणते," आणि गुच्छ तिथेच सोडून पळाले.

हॉलमध्ये काका खुर्च्या ओळीत लावत होते.

"काका, पेटी उघडा. बूट हवेत."

"नाही उघडता येणार."

"अहो, मीच ठेवलेत ना सकाळी!"

"हो. आणि आपणच म्हणाला होतात, मी आले तरी नाही." त्यांनी एक खुर्ची बोटभर सरकवली. "आपण आलात. मी उघडत नाहीये."

माणूस माझाच शब्द पाळत होता! मी हात जोडले. सगळं सांगितलं: क्लबची माणसं, खोलीचं भाडं, करंगळी. घड्याळाचा काटा काकांच्या डोक्यामागे सरकताना मला दिसत होता. काका ऐकत होते, पण खुर्च्या लावायच्या थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "पाहुणे साडेपाचला येणार. रिकाम्या पेटीपुढे फीत कापायची का त्यांनी? पेटीत बूट असले पाहिजेत, ही माझी जबाबदारी." मग माझ्या पायांकडे बघितलं. "कोणाचे, ते काही माझ्याकडे लिहून दिलेलं नाही."

मी पुढचं ऐकायला थांबले नाही. पायांतले बूट काढले. वाढदिवसाला बाबांनी घेऊन दिलेले, पांढरेशुभ्र, महिनाभरही न वापरलेले.

काकांनी ते उचलून प्रकाशात धरले. "जरा सुखवस्तू दिसतात," म्हणाले. आणि उद्घाटनाच्या तबकातली फीत कापायची कात्री माझ्यापुढे केली.

बाबा, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा. डाव्या बुटाला, करंगळीपाशी, मी स्वतःच्या हातानं कात्री चालवली. दारातल्या कुंडीतली माती चोळली. काकांनी कुलूप उघडलं, शेफालीचे बूट माझ्या हातात दिले, माझे आत ठेवले, पुन्हा कुलूप लावलं. पाटी तशीच राहिली.

एप्रिल महिना, अनवाणी मी, आणि स्कूटर. प्रत्येक सिग्नल लाल. प्रत्येक सिग्नलला तापल्या डांबरावर एक पाय टेकायचा, तो भाजला की दुसरा. शेजारच्या रिक्षातल्या आजींनी विचारलं, "नवस आहे का गं?" हो म्हटलं. खोटं तरी कुठे होतं?

पोचले तेव्हा खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला होता. शेफाली मैदानात नव्हती.

ती रेषेबाहेर गवतावर बसली होती. नवे बूट बाजूला, डावा मोजा करंगळीपाशी लाल झालेला. तिच्या प्रशिक्षक मॅडमनी मला सांगितलं, की पूर्वार्धात तिला धड पळता येत नव्हतं, दोनदा चेंडू पायातून गेला, म्हणून बाहेर घेतलं. पलीकडे टोप्या घातलेली क्लबची दोन माणसं बसली होती. त्यांतला एक सारखा मोबाइल बघत होता.

मला वाटलं, शेफाली ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त हात पुढे केला. मी बूट दिले. तिनं मोजा सरळ केला, बूट चढवले, हिरवी नाडी दोनदा ओढली आणि मॅडमकडे बघितलं. मॅडमनी क्लबच्या माणसांकडे बघितलं.

"शेवटची दहा मिनिटं आहेत," मॅडम म्हणाल्या. "जा."

गोल तिनं केला नाही, आधीच सांगून टाकते. पहिला चेंडू आला तो तिच्या पायातून पुन्हा निसटला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दुसरा चेंडू तिच्या डाव्या पायाशी होता, आणि ती रेषेला धरून अशी निघाली होती, जणू त्या रेषेपलीकडे धानाचं शेत होतं आणि बांध तिच्या ओळखीचा होता. एक मुलगी चुकवली. दुसरी चुकवली. तिसरी आडवी आली, तेव्हा तिनं बुटाच्या बाहेरच्या कडेनं, त्या भोकाच्या बाजूनं, चेंडू असा वळवून आत टाकला की तिच्या संघातल्या पोरीनं नुसतं कपाळ लावलं आणि गोल झाला.

मोबाइलवाल्या माणसानं मोबाइल खिशात ठेवला. मॅडमना त्यानं काहीतरी विचारलं. मॅडम वळून म्हणाल्या, "शेफाली. शेफाली मंडल."

निवड झाली. निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ती वडिलांशी बंगालीत बराच वेळ बोलत होती, आणि मी भाजलेल्या तळपायांना बर्फ लावत बसले होते.

संध्याकाळी म्हणाली, "चला ना जी, तुमचं प्रदर्शन बघू."

हॉलमध्ये काचपेटीपुढे गर्दी होती. एक बाई पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. परचुरेकाका जवळ आले आणि अहवाल द्यावा तसं म्हणाले, "काल पाहुण्यांनी भाषण थांबवून चष्मा पुसला. या बुटांकडे बघून आपल्याला आपल्या सुखाची लाज वाटते, म्हणाले."

शेफालीनं माझ्या बुटांकडे बघितलं. पाटी सावकाश, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचली. मग माझ्याकडे वळली.

"लय गरिबी पाहिली जी ताई तुम्ही."

मी काकांना म्हटलं, माझे बूट द्या. काका म्हणाले, "प्रदर्शन पंधरा दिवस आहे. तोवर पेटी उघडायची नाही. हं, आता आपणच सांगितलंत तर..." आणि थांबले. मी म्हटलं, नको, आता मी काहीच सांगत नाही.

शेफालीनं खांद्यावरच्या बॅगेतून ते चकचकीत नवे बूट काढले. "तुमाले बरोबर बसतात ना? मग तुम्हीच घाला. पुढच्या महिन्यात मले क्लबात जायचं हाये, तोवर मुरवून द्या."

म्हणून सध्या मी कर्वेनगरभर खिळ्यांचे बूट घालून हिंडते. फरशीवर खडखडाट होतो. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. किराणावाले विचारतात, मॅच कधी आहे? दोन्ही टाचांना फोड आलेत, करंगळीही सोलली आहे.

पण या वेळी मी कुठेही पाटी लिहिणार नाही.