शुक्रवारची वेधशाळा

आमच्या खगोल मंडळाची वेधशाळा शनवारा मोहल्ल्यात, माझ्या गच्चीवर आहे. वेधशाळा म्हणजे पत्र्याची खोली आणि रुळांवरून मागे सरकणारं छत. बायकोने परवानगी दिली ती अटीवर. "उद्घाटनाला आमच्या आबांना चंद्र नीट दाखवा. नाही दिसला तर पत्रे उतरवायचे. मी पापड वाळवू कुठे?"

मला काळजी नव्हती. मंडळाचे बहुतेक सभासद कापडाच्या धंद्यातले, त्यांची सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे सगळं काम आम्ही शुक्रवारीच उरकलं. दुर्बिणीचा सिमेंटचा खांब हलू नये म्हणून तो शेजाऱ्याबरोबरच्या सामायिक भिंतीत बसवायची अक्कल माझी. अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त विज्ञानशिक्षक, त्याला खांदा लावून म्हणाले, "भूकंप आला तरी हलायचा नाही." त्याच शुक्रवारी रात्री चंद्र पाहिला, तर कॅलेंडरवरच्यासारखा गप्प बसलेला.

उद्घाटन मात्र पाहुण्यांच्या सोयीने रविवारी ठेवलं. आबा, म्हणजे माझे सासरे, दापोऱ्याहून केळीचा घड घेऊन आले. दिवेलागणीला सगळे गच्चीवर जमले. मी विश्वाच्या अफाटपणावर भाषण सुरू केलं, ते बायकोने डोळ्यांनीच आटोपतं घ्यायला लावलं. मग आबांनी दुर्बिणीला डोळा लावला, काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"जावईबापू, याला थंडी वाजून येते का?"

मी पाहिलं. चंद्र हिवताप भरल्यासारखा थडथड उडत होता. अध्यक्षांनी वातावरणाला दोष दिला. मी दिसेल तो स्क्रू आवळला, एक तर हातातच आला. बायकोने भिंतीला तळहात लावला.

"या, हात लावा. तुमचा भूकंप आलाय."

पलीकडे शेजाऱ्याचे पॉवरलूम आहेत. त्या खटखटीत मी पाळण्यापासून झोपलेला, मला ती ऐकूच येत नाही. आणि लूम बंद असतात ते फक्त शुक्रवारी.

दुसऱ्या दिवशी पत्रे उतरवायला माणूस सांगावा, तर बायकोनेच थांबवलं. तो येईपर्यंत म्हणून तिने आत उडदाचे पापड वाळत घातले होते. छत सरकवलं की ऊन, ओढलं की माकडांना मज्जाव. "असू दे सध्या," ती म्हणाली आणि छताच्या कुलपाची किल्ली पदराला बांधली. "पण अट ती अटच."

शुक्रवारी आबा पुन्हा आले, आजाऱ्याची चौकशी करायला. आम्ही पापडांच्या चादरी उचलल्या, छत मागे ढकललं. आबा वाकले. मी भिंतीला तळहात लावून उभा.

"आज बराय गडी," ते म्हणाले. "अंगानंही भरलाय. काय औषध दिलं?"

"सुट्टी दिली," बायको म्हणाली, आणि छताची किल्ली माझ्या हातात ठेवली. "उद्या सकाळी परत आणा. चादरी टाकायच्यात."