हात नव्हे, हवा

आमच्या शहरात लहरीपुऱ्याच्या दरवाजाशी उन्हाळ्याच्या तोंडावर नाशिककडचा एक द्राक्षवाला बसायचा. घड तो फक्त देठाला धरून उचलायचा, मण्यांवरचा पांढुरका थर पुसला जाऊ नये म्हणून.

मांजलपूर भागातल्या आमच्या अंगणात आईनं नाशिकहून आणून लावलेली वेल होती. पाच वर्षांत नुसती पानं. आपल्याच हाताला गुण नाही, असं आईनं मनाला लावून घेतलेलं. एकदा तिनं ते त्या द्राक्षवाल्यापाशी बोलून दाखवलं.

त्यानं घड खाली ठेवला. "पाणी किती घालता, मावशी?"

"रोज दोन बादल्या, भाई."

"आमच्याकडं उताराची मुरमाड जमीन, पाणी ठरतच नाही. दिवसा ऊन, रात्री गोधडी. तिथं वेलीची वाढ आवरते, मग फळ धरतं. हल्ली वाईनवाले तिकडं जमिनी बघत हिंडतात. ते आमचे हात बघून येत नाहीत, हवा बघून येतात."

त्या संध्याकाळी आईनं वेलीला पाणी घातलं नाही.

पुढच्या वर्षी तो दिसला नाही. नाव विचारायचं राहिलं, आभारही राहिले.

वेलीला अजून द्राक्षं नाहीत. आई तिच्याखाली बसून भाजी निवडते आणि कुणी विचारलं तर सांगते, "ही सावलीची वेल आहे. द्राक्षं नाशिकला लागतात."