बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे

मी चळवळीची पत्रकं वाचत मोठा झालो, पुढं ती लिहूही लागलो. माणसाला रांगेत उभं करणारी व्यवस्था मोडा, हे माझं लाडकं वाक्य. दुष्काळात सहकारी दूध संघानं मला चारा छावणीत संगणकावर बसवलं आणि माझ्याच खिडकीसमोर रांग लागली.

जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगायचा, नोंद सापडली की चाऱ्याची चिठ्ठी. बारा वाजता वाटप बंद. नोंदी अख्ख्या तालुक्याच्या, संगणक जुनाट. शोध लवकर लागावा म्हणून मी इंडेक्स केला होता, पुस्तकामागच्या सूचीसारखा. जागा वाचवायला त्यात नंबराचे पहिले सहाच आकडे घेतले होते. तरी एकेक नोंद सापडेपर्यंत मी नखं खात बसायचो.

साडेअकराला चकलांब्याची एक बाई खिडकीशी आली. आदल्या दिवशी रांगेतच बारा वाजले होते. तिचा बैल उपाशी होता.

"तिसरी दावण, चार शून्य सात दोन."

"पूर्ण नंबर सांगा, मावशी."

"कावून? पुढचं समद्यांचं एकच हाय की. आमी दावण आन् शेवटचे चार आकडेच बोलतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, तवर बैल गाभण राहील!"

रांग हसली. मी नोंदी वरखाली करून पाहिल्या. सगळ्यांच्या बिल्ल्यांचे पहिले सहा आकडे खरंच एक होते. शाळेच्या हजेरीपटावर प्रत्येक पोराचं नाव नुसतं 'कुमार' लिहावं, तशी माझी सूची. ती दर वेळी सगळ्याच नोंदींकडे बोट दाखवत होती.

"सूचीचं उद्या कर बे," छावणीचे व्यवस्थापक म्हणाले. उद्या? मी खिडकीवरचं काम थांबवलं, शिव्या खाल्ल्या. शेवटचे चार आकडे वेगळे काढून नवी जोडसूची केली: आधी नोंदीतली दावण, मग ते आकडे. बाराला पाच कमी असताना बाईचा नंबर टाकला. बोट उचलायच्या आत नोंद समोर.

पुढच्या म्हाताऱ्यानं नुसते चार आकडे सांगितले आणि यंत्र पुन्हा रखडलं. सूची दावणीपासून सुरू होत होती; दावण गाळली की ती निकामी.

चिठ्ठी घेऊन निघालेली बाई वळली. "आधी दावण सांगा, दाजी! मग आकडे! समद्यांनी तसंच सांगा!"

बारा वाजले. व्यवस्थापकांनी खिडकी बंद करायला तिच्या फळीला हात घातला. मी ती आतून धरून ठेवली.

"पुढं या," मी म्हणालो. "दावण?"